वॉचमनची बायको

पिच्चर सांगावा तर सोजरबाईनंच. गुरुवारी कंपन्यांना सुट्टी असायची. त्या दिवशी नवऱ्याबरोबर, भिवाबरोबर, ती चिंचवडला खेळ बघून यायची आणि शुक्रवारी दुपारी आमच्या पिंपरीच्या चाळीतल्या बायका तांदूळ निवडत तिच्याभोवती बसायच्या. तिच्या तोंडून ऐकला की तिकीट काढायची गरजच उरायची नाही.

सत्त्याहत्तर साली मात्र एका पिच्चरनं तिला पेचात टाकलं. दरोडे, खून, काळे चष्मे, लांबलचक गाड्या. "हिरो कोट लई भारी घालतो गं," ती म्हणाली, "पन येवढी मानसं मरत्यात आन् कुनासाठी कुनी रडत न्हाई. ह्यात सांगू तरी काय?" मला तर रागच आला. एवढा पैसा ओतला, एक रडणारं माणूस नाही परवडलं?

शेजारी कस्तुरा मांडीवर सूप घेऊन गप्प बसली होती. तिचा नवरा किसन शिफ्ट संपवून सायकलवर घरी येताना हायवेला ट्रकखाली गेला, त्याला दोन महिने झाले होते. तेव्हापासून तिच्या डोळ्याला पाणी नव्हतं. जेवण तुटलं होतं, बोलणंही. ही अशीच आतल्या आत संपणार, या भीतीनं आमचा जीव टांगणीला लागला होता.

सोजरबाईनं तिच्याकडे पाहिलं आणि सांगायला घेतलं. पहिल्याच दरोड्यात बँकेचा वॉचमन मरतो. पडद्यावर तो पडतो आणि गाड्या सुसाट पुढं जातात. सोजरबाई मात्र पुढं गेलीच नाही. ती वॉचमनच्या घरात शिरली. पिच्चरमध्ये ते घर नव्हतंच, हे आम्हाला मागाहून कळलं. तिथं त्याची बायको चुलीपाशी बसलेली. भाकरी गार झाली म्हणून तिनं परत तव्यावर टाकली. परत गार झाली, परत टाकली.

कस्तुराच्या मांडीवरचं सूप उलटलं. तिनं हंबरडा फोडला, आणि आम्ही सगळ्याच रडलो. दरोडेखोरांचं पुढं काय झालं, कुणी विचारलंही नाही. त्या संध्याकाळी कस्तुरा अर्धी भाकरी जेवली.

पुढच्या आठवड्यात ती म्हणाली, "सोजरबाई, मला त्यो पिच्चर दाव."

सोजरबाईचं धाबं दणाणलं. बनाव उघडा पडणार आणि कस्तुरा पुन्हा मिटून जाणार. पण नाही कशी म्हणणार? गुरुवारी दोघी गेल्या. आम्ही ओट्यावर वाट बघत बसलो.

कस्तुरा आली, पायरीवर टेकली.

"वॉचमनची बायको दावलीच न्हाई," ती म्हणाली.

सोजरबाईनं मान खाली घातली.

"दिसंल कशी?" कस्तुरा म्हणाली. "ती घरी वाट बघत बसली आसंल."