बटणचे आठ आठवडे

दुकानात तिला सगळे डबेवाली म्हणायचे. कुत्र्यांचं कोरडं खाणं सुटं विकायचं, सहा मोठे डबे सांभाळायचे, हे तिचं नऊ वर्षांचं काम. गिऱ्हाइकांची नावं तिच्या डोक्यात टिकत नसत, पण कुत्र्यांची पोटं तोंडपाठ. कोणाला काय पचत नाही, कोणाची हाडं अजून वाढतायत, कोण म्हातारपणी सुटलंय. पिशवीवरच्या चित्राला कोणी भुललं की ती पिशवी उलटी करायची. "पुढची बाजू आपल्याला भुलवायला असते. मागची यादी वाचा. जे जास्त असतं ते आधी लिहितात."

शिंपी मास्तरांचं बटण हे तांबूस, आखूड पायांचं कुत्रं खाजवून रक्तबंबाळ व्हायचं. डॉक्टरांना कोंबडीचा संशय होता. आठ आठवडे कोंबडीचा कणही नको, म्हणाले. मास्तर 'मासळीचं' छापलेली पिशवी घेऊन निघालेच होते, तेव्हा डबेवालीने यादीवर बोट ठेवलं. पहिली कोंबडी, मासळी सातवी. तिने तिसऱ्या डब्यातलं निव्वळ मासळीचं मोजून दिलं. दर आठवड्याला तेच. पाच आठवड्यांत बटणच्या अंगावर लव आली.

सहाव्या आठवड्यात मास्तर आले ते दारातच उभे राहिले.

"ताई, पुन्हा सुरू झालंय. मान सोलून काढली त्याने."

"काही चारलंत का, मास्तर? खरं सांगा."

"बिस्किटाचा तुकडा नाही. पण लेक ऐकेना. घरात तिचं तीन महिन्यांचं बाळ. म्हणते, तुम्हीच चोरून चारता. जावई आत्ता गाडी काढतोय. कुठल्या गोदामावर राखणीला देणार म्हणे. राखण? ते बेल वाजली तरी पलंगाखाली जातं."

मध्येच एका बाईंनी कोंबडीचं अर्धा किलो मागितलं. डबेवालीने मापटं पहिल्या डब्यात घातलं, काठावर आपटलं, पिशवी भरली आणि नेहमीच्या सवयीने ते मासळीच्या डब्याकडे नेलं. हात तिथेच थांबला. मापट्याला पिवळा भुगा चिकटला होता.

एकच मापटं, सहा डबे, नऊ वर्षं.

तिने तिसऱ्या डब्यात वाकून बघितलं. डबा तळाला आलेला, आणि तळाशी बोटभर तसाच पिवळा भुगा साचलेला. वरचं खाणं बटणला सोसलं. हा गाळ नाही सोसला.

"मास्तर, चूक माझी आहे."

गल्ल्यावरून मालक दबक्या आवाजात म्हणाला, "हळू बोल. सगळे ऐकतायत."

"ऐकू देत. हा डबा आज विकायचा नाही." तिने निव्वळ मासळीची एक सीलबंद पिशवी काखेत मारली आणि मास्तरांना पुढे घातलं.

मास्तरांच्या घरासमोर गाडी चालू होती. मागच्या सीटवर बटण कापत बसलेलं. लेक बाळाला खांद्यावर थोपटत फाटकात उभी.

"आता हे काय नवीन विकायला आणलंत?"

"विकायला नाही. सांगायला आले." आणि डबेवालीने मापट्याचं सगळं सांगितलं, स्वतःला कुठेही न वाचवता. "तुमच्या बाबांनी काही चारलं नाही. मी चारलं."

लेकीने वडिलांकडे बघितलं. मास्तर फाटकाची कडी उगाच वरखाली करत होते.

"मग आता किती दिवस?"

"पहिल्यापासून आठ आठवडे. खाज लगेच जाणार नाही, खोटं कशाला बोलू? आणि तरीही नाहीच गेली, तर दोष कोंबडीचा नाही. डॉक्टर पुढचं बघतील."

"आणखी आठ," लेक म्हणाली. जावयाने हॉर्न दिला. बाळ दचकून रडायला लागलं, आणि आतून बटण विव्हळलं. ती बाळाला थोपटत गाडीकडे गेली.

मग तिने गाडीचं मागचं दार उघडलं. बटण उतरेना. ती अर्धवट आत वाकली, एका हाताने बाळ धरून दुसऱ्याने त्याचा पट्टा सोडवला.

"आठ म्हणजे आठच. नवव्यात मी कोणाचं ऐकणार नाही," ती आतूनच म्हणाली. "आणि बाबा, खाणं मी देणार. मला पुन्हा तुमच्यावर संशय घ्यावा लागू नये."