नीळकंठरावांनी न मिटवलेल्या नऊ तक्रारी

नीळकंठ राजूरकर सव्वीस वर्षं यवतमाळजवळच्या एका सूतगिरणीत हजेरीबाबू होते. कापसाचे दिवस फिरले तशी गिरणी आधी एका पाळीवर आली आणि मग बंदच पडली. घरात आजोबांपासून सगळे कारकून नाहीतर मास्तर. रिकामं बसणं कुणाला ठाऊक नव्हतं. पत्नी कुंदाताईंनीच त्यांना कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं.

२०१७ च्या उन्हाळ्यात आरोग्य कर्मचारी ठेवत त्या आजाऱ्यांच्या नोंदी नव्या सॉफ्टवेअरवर घ्यायचं ठरलं. ते चालवणाऱ्या ठेकेदार कंपनीनं बावन्न वर्षांच्या नीळकंठरावांना करारावर ठेवलं. आस्थापनेकडून आलेल्या यादीतल्या प्रत्येकाचं खातं उघडायचं आणि त्याला पासवर्ड पाठवायचा, एवढंच काम. खातं उघडलं नाही, तर पडद्यावर आलेली चूक जशीच्या तशी तक्रार म्हणून नोंदवायची. तक्रार कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसात जाई. दुरुस्ती तिकडून. इथून कशाला हात लावायचा नाही.

बाराशेवर खाती उघडली. अडली ती थोडी, आणि त्यात एक प्रेमसिंग आडेचं. प्रेमसिंग बोरी अरबच्या पुढच्या एका उपकेंद्रावर आरोग्यसेवक होता. त्या गावाचं नाव इथं सांगत नाही. त्याचा क्रमांक टाकला की पडद्यावर यायचं, ‘हा कर्मचारी आधीच नोंदलेला आहे.’ नीळकंठरावांनी शोधलं. उमरखेड तालुक्यात त्याच नावाचा आणखी एक कर्मचारी होता आणि ह्याचा क्रमांक त्याच्या खात्याला चिकटला होता. जुलैच्या शेवटी त्यांनी हे सगळं नीट लिहून तक्रार टाकली. सात दिवसांत उत्तर आलं नाही, आणि तक्रार आपोआप बंद झाली. त्यांनी दुसरी टाकली. मग तिसरी.

त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोक्याच्या वर गेली होती. बोंडअळीच्या भीतीनं लोक औषधात औषध मिसळून फवारत होते. ऑगस्टच्या शेवटी प्रेमसिंगचा फोन आला.

"सर, फवारणीच्या विषबाधेचे चार जणं झाले आज. उलट्या, डोळ्याले दिसून नाही राह्यलं त्याइले. नोंद कुठं करू?"

"कागदावर लिहून ठेवा. मी पुन्हा तक्रार टाकतो."

"कागद कोणी घेऊन नाही राह्यलं. ऑनलाइन दाखवा म्हणते." मग त्यानं आवाज खाली घेतला. "बाजूच्या गावची नर्स आहे, विमलताई. तिच्या लॉगिननं टाकू का? ती हो म्हणते."

नीळकंठराव लगेच म्हणाले, "तसं करू नका. दुसऱ्याच्या नावानं नोंद सापडली तर दोघांचीही नोकरी जाईल."

"बरं सर," प्रेमसिंग म्हणाला.

नियमानं ते बरोबरच होतं. पण डॉक्टरांची फिरती गाडी आकडे पाहून गावं ठरवत होती, आणि प्रेमसिंगच्या गावापुढे रोज शून्य दिसत होतं. नीळकंठराव वरच्या साहेबांकडे दोनदा जाऊन आले. "वर पाठवलंय ना? मग होईल," साहेब म्हणाले. पुण्याला फोन लावला की तिथली मुलगी तक्रारीचा क्रमांक विचारी आणि सांगे, "ही तर बंद झालेली आहे, सर."

सप्टेंबर संपता संपता मारोतराव नावाचे एक साठीचे मजूर फवारता फवारता बांधावर पडले. प्रेमसिंगनं त्यांना मोटरसायकलवर मधे बसवलं, मागून त्यांच्या बायकोनं, लीलाबाईंनी, धरलं. दवाखान्याच्या फाटकाशी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

चौकशी लागली. गावात एवढे लोक आजारी पडले, आणि आरोग्यसेवकाची एकही नोंद नाही, म्हणून प्रेमसिंगला नोटीस मिळाली. नीळकंठरावांनी सगळ्या तक्रारींची छापील यादी काढली आणि कुणी न बोलावता चौकशीला हजर झाले. चौकशीच्या साहेबांनी यादी वाचली, चष्मा काढला.

"नऊ तक्रारी आहेत. नऊच्या नऊ मिटलेल्या. ‘निराकरण झाले.’ आणि मिटवणारे, नीळकंठ राजूरकर."

नीळकंठरावांनी कागद ओढून घेतला. तसंच छापलं होतं. तक्रार आपोआप बंद झाली की ती टाकणाऱ्याच्याच नावावर पडत होती. इतक्या महिन्यांत तो रकाना त्यांनी कधी पाहिलाच नव्हता.

"मी नाही मिटवल्या, साहेब. त्या आपोआप..."

"आपोआप होते, तर तुमचं नाव कसं येते?"

प्रेमसिंग खिडकीशी उभा होता. त्यानं मान वर केली नाही.

कंपनीनं लेखी कळवलं की यंत्रणेत दोष नाही. प्रेमसिंगचं खातं नोव्हेंबरात उघडलं. तोवर फवारणीही आटोपली होती आणि तो निलंबित होता. नंतर त्याला कामावर परत घेतलं, पण बदली करून ढाणकीकडे पाठवलं. निघायच्या दिवशी नीळकंठराव त्याला दारव्ह्याच्या बसस्टँडवर भेटले.

"मी पुन्हा लेखी देतो, प्रेमसिंग. पहिल्यापासून सगळं लिहून देतो."

"कायले, सर?" प्रेमसिंग शांतपणे म्हणाला. "तुमचं लिहेलच तर होतं तिथं." मग बॅग उचलून तो गाडीत चढला. पुढे त्यानं त्यांचे फोन घेतले नाहीत.

एप्रिलमध्ये करार संपला, तो कंपनीनं वाढवला नाही. मे महिन्यात एका सकाळी नीळकंठराव कुणाला न सांगता लीलाबाईंना भेटायला निघाले. फाट्यावर उतरले, गावाच्या रस्त्यानं शाळेपर्यंत चालत गेले. विमलताईच्या नावानं नोंदी टाकू दिल्या असत्या तर गाडी आली असती, आणि मारोतराव कदाचित वाचले असते, हे लीलाबाईंना कोणत्या तोंडानं सांगायचं, ते त्यांना सुचेना. शाळेच्या हापशीवर पाणी प्याले आणि माघारी फिरले.

घरी कुंदाताईंनी विचारलं, "एवढ्या उन्हात कुठं गेलता?"

"इथंच," ते म्हणाले, आणि चपला न काढता दारातल्या खुर्चीवर बसून राहिले.