बटणवाल्या मावशींचं पत्रक

आमचे बाबा छापखानेवाले. त्यांच्या पत्रकावर मुंगीला पाय ठेवायला जागा सापडायची नाही. भाव, वेळ, पत्ता, पत्त्याच्या खुणा, चार रंग, वर तीन बाण! "गिऱ्हाईकानं अख्खा कागद घेतलाय, कोरा कशाला देऊ?" म्हणायचे. मी परदेशात छपाईची मांडणी, म्हणजे डिझाइन, शिकले, तिथेच नोकरीला लागले. तिकडे कागदावर जितकं कमी, तितकं ते भारदस्त. सुट्टीत आले की मी बाबांच्या कामाला नाक मुरडायचे आणि आई शिलाई मशीनवरून हसायची, "तुम्हा दोघांना एकाच कागदावर कोंडायला हवं!"

आई अचानक गेली. शोकसभेचं पत्रक बाबांनी स्वतः जुळवलं. नाव, खाली ठळक 'दवाखान्यामागच्या बटणवाल्या मावशी', चष्म्यातला फोटो, कुठल्या कुठल्या शाळांचे गणवेश शिवले त्याची यादी, मशीनचासुद्धा फोटो. मी भडकलेच. "बाबा, ही आई आहे, सेलची जाहिरात नाही!"

त्यांचं तोंड एवढंसं झालं. "लोकांना कळायला हवं गं. सगळ्यांनी यायला हवं तिच्यासाठी." मग म्हणाले, "तू शिकलेली आहेस. तू कर."

मी केलं. पांढराशुभ्र कागद, मधोमध तिचा विशीतला फोटो, खाली कागदोपत्री नाव, जागा आणि वेळ. बस्स. देखणं झालं होतं, खोटं कशाला बोलू?

बाबांनी दोनशे खुर्च्या मांडायला लावल्या. आली अकरा माणसं, त्यातली सात घरचीच. बाबा दारात उभे. "येतील, कामावरून सुटले की येतील," असं म्हणत राहिले. शेवटी खुर्च्यावाला गाडी घेऊन आला.

आठवड्यानं एक बाई बटण तुटलेला कोट घेऊन दारात. "मावशी आहेत का?"

मी सांगितलं. ती पायरीवरच बसली. "अहो, कळवायचं तरी!"

मी समोरच्या भिंतीवरचं पत्रक दाखवलं.

"ही? ही तर कुणी तरुण मुलगी! रोज बघून हळहळत होते मी. मावशींचं नाव हे होतं होय?" तिला रडू आवरेना. "माझ्या लग्नाचे कपडे शिवले हो त्यांनी. आमची अख्खी गल्ली आली असती!"

बाबा आतून ऐकत होते. बाहेर येऊन त्यांनी तिला पाणी दिलं आणि म्हणाले, "चूक माझी. घाईघाईत मीच तसं छापलं."

मी शेजारीच उभी होते.