जावेच्या आकड्यांची सरळ रांग

नात कॉलेजच्या सुट्टीत परतूरला आली की ती माझी असते, असं मी धरूनच चालले होते. पण यंदा तिनं मला आणि माझ्या धाकट्या जावेला एकदमच प्रोग्रॅमिंग शिकवायला घेतलं, आणि मला वाटेकरीण आली. जाऊ शेजारच्याच घरात राहते. ती बारावीपर्यंत शिकलेली; मी लग्नानंतर पोरांच्या पुस्तकांतून वाचायला शिकले. हौस मात्र मला जास्त, हे आधीच सांगून ठेवते.

दोन जुने लॅपटॉप, जेवणाचं टेबल, आणि मध्ये नातीची खुर्ची. पहिल्या दिवशी ती बराबर मधोमध होती. मग जावेकडं सरकत गेली. तुम्ही म्हणाल, आजीचा भास असेल. भास कसला, मी फरशीच्या रेघेवरून बघत होते ना!

एके दिवशी नात म्हणाली, "आपल्या घरच्या तीन वेचण्यांचा कापूस घ्या. वजनं क्विंटलमध्ये टाका, एकाखाली एक छापा, आन खाली बेरीज."

वजनं आम्हा दोघींना तोंडपाठ. मापाच्या वेळी दोघी काट्यापाशीच उभ्या होतो. एक क्विंटल दहा किलो, दोन क्विंटल वीस किलो, चार क्विंटल आठ किलो. घरात बोलताना आम्ही एक दहा, दोन वीस, चार आठ असंच म्हणतो. तसंच मध्ये टिंब देऊन टाकलं.

माझ्या पडद्यावर काय आलं? एक दहाचं शून्य मशीननं खाऊन टाकलं, दोन वीसचंही खाल्लं. एक पॉइंट एक, दोन पॉइंट दोन. आणि गंमत म्हणून पहिल्या दोन आकड्यांची बेरीज करून बघितली, तर तीन पॉइंट तीनच्या मागं शून्यांची ही लांब शेपूट, टोकाला पुन्हा एक तीन! टिंबानंतर कुठं एकच घर, कुठं ढीगभर.

तिकडं जावेनं महिरपी कंसात टिंब, दोन आणि एफ असं काहीतरी लिहिलं. सगळ्या आकड्यांना टिंबानंतर दोन दोन घरं, आणि टिंबं एकाखाली एक, पेरणी केल्यासारखी.

"अगं बाई, छोटी आजी! काय भारी!" म्हणत नातीनं मोबाईल काढून फोटो घेतला. माझ्या शेपटीचा कुणी फोटो घेतला न्हाई.

"अक्का, तुम्हाला दाखवू का?" जाऊ म्हणाली.

"काही गरज न्हाई. मला दिसतंय." दिसत काही नव्हतं. आयुष्यभर हिची पोळी माझ्यापेक्षा गोल, ते सोसलं. आता नातसुद्धा?

मी चष्मा पुसून तिचा पडदा नीट न्याहाळला. काहीतरी खोट सापडावी म्हणूनच, खरं सांगते. आणि सापडली. तिसऱ्या ओळीत चार पॉइंट ऐंशी!

"अगं, चार ऐंशी कुठून आणलीस? आठ किलो होता. बाकीचा कापूस काय तू माहेरून घेऊन आल्तीस?"

जावेचं तोंड उतरलं. मला काय गार वाटलं म्हणता! आता पोरगी उठून माझ्याकडं येणार, "आजी, बरं पकडलंस" म्हणणार.

ती हसली, अन् जावेच्या पडद्यावर आणखी वाकली. "आजी, चूक तुझीबी तीच हाय. क्विंटलचे शंभर भाग, त्यातले आठ म्हणजे चार पॉइंट शून्य आठ. तू लिहिलं चार पॉइंट आठ, म्हणजे ऐंशीच किलो झालं. फकस्त तुझ्या पडद्यावर ते चार आठ असं दिसून राह्यलंय, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं न्हाई. छोटी आजीनं नीट छापलं म्हणून तर घावलं!"

म्हणजे चूक पकडली मी, आणि मान पुन्हा जावेला. ती लगेच खुलली. "क्विंटल येगळं विचारू, किलो येगळं, मंग शंभरानं भागून जोडू. काय गं?" आणि दोघींची डोकी एकाच पडद्यात शिरली. खुर्ची तर पारच तिकडं गेलेली.

मी थोडा वेळ माझ्या लॅपटॉपपुढं एकटी बसून बघितलं. कुणी वळून पाहीना. मग उठले, माझी खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घातला आणि नातीच्या दुसऱ्या अंगाला नेऊन आदळली.

"सरक जरा," मी म्हणाले, "मलाबी ते एफ कुठं टाकायचं ते बघायचंय."

नात जावेकडं सरकली, आणि मी तिला खेटून बसले.