चुलीमागचा म्हातारा आणि आमचे वरचे काका

चंडीगढमध्ये माणूस हरवू शकत नाही, असं इथले लोक छातीठोकपणे सांगतात, आणि आमच्या वरच्या मजल्यावरचे काका सोडले तर ते खरंही आहे. सेक्टरला नंबर, घराला नंबर, रस्ते पट्टीने आखलेले. पण नेमक्या ह्याच सरळपणाने काकांचा घात केला. त्यांचा फोन यायचा, "मी एका गोलचक्करापाशी उभा आहो. मधे फुलं आहेत. या बरं घ्यायला." आता ह्या गावातल्या झाडून सगळ्या गोलचक्करांत फुलं असतात. तसं म्हटलं की काका उलट मलाच धरायचे, "तेच तर! आमच्या नागपुरात चौकात एक पानठेला असते, एखादं भांडण असते, माणसाला ओळखू येते. इथं सगळं सारखंच करून ठेवलं बाप्पा." अख्खी नोकरी ह्या गावात केलेला हा माणूस भाजी घेऊन रस्ता विचारत विचारत घरी पोचायचा, आणि रस्ता दाखवणाऱ्यालाच चहाला वर घेऊन यायचा. त्या चहात कधी साखर असायची, कधी नसायची.

घोटाळा ही त्यांची अडचण नव्हती, तो त्यांचा स्वभाव होता. पायांत दोन वेगळ्या चपला घालून ते खुशाल बँकेत जाऊन यायचे. मी दाखवून दिलं की खाली वाकून बघायचे आणि म्हणायचे, "म्हणूनच आज चालताना दोन्हीकडचे विचार येऊन राहिले होते." आपण सगळे "मला माहीत नाही" हे वाक्य जरा खालच्या आवाजात म्हणतो, काका ते पेढा मिळाल्यासारखं म्हणायचे. सेक्टर एकोणचाळीसच्या संशोधन संस्थेत त्यांचा जन्म सूक्ष्मदर्शकाला डोळा लावण्यात गेला होता. त्यामुळे दिसत नाही ते नाहीच, असं बेधडक म्हणून टाकायची त्यांना सवय नव्हती. घर, पैसे, डबे, किल्ल्या, औषधं आणि स्वतः काका, हे सगळं मालतीकाकू सांभाळायच्या. त्या गेल्या, तेव्हा आम्हाला वाटलं, आता हे महिनाभरात मुलाकडे बंगळूरला जातील. मुलगा दर रविवारी फोन करून विनवायचा. काका म्हणायचे, "पाहू ना पुढच्या महिन्यात." काकूंच्या चपला जिन्यावरच्या मांडणीत होत्या तशाच राहिल्या. एकदा मीच चिडून विचारलं, की इथे एकटे कशासाठी कुढत बसता? तर ते कुंडीतली माती बोटाने उकरत म्हणाले, "मी गेलो, आणि ती इथंच राहून गेली, तर?" मी खाली येऊन उगाच भांडी आपटली.

अशा माणसाकडे आम्ही आयांनी मुलांचं मराठी सोपवलं, ह्यावरून आमची अक्कल दिसते. पोरांना मराठी कळतं सगळं, पण तोंड उघडलं की हिंदी. म्हणून दर शनिवारी काकांच्या व्हरांड्यात पुस्तकाची बैठक भरायची. माझी सई, सेक्टर बत्तीसच्या डॉक्टरीणबाईंचा तेजस, चंडीमंदिरच्या लष्करी छावणीतून येणारी एका मेजरसाहेबांची अन्वी, आणि अधूनमधून कुणाची तरी पाहुणी पोरं. वाचून झालं की काका प्रश्न विचारायचे. शिक्षक विचारतात तसे नाही. त्यांना खरोखरच उत्तर माहीत नसायचं. पोरं त्यांना समजावून समजावून थकायची, आणि त्या नादात चार वाक्यं मराठीतून बोलून जायची.

त्या हिवाळ्यात सईच्या आत्याने पुण्याहून एक पुस्तक धाडलं होतं, रशियातल्या लोककथांवरून रचलेल्या गोष्टींचं. त्यातली एक गोष्ट अशी, की प्रत्येक घरात चुलीमागे एक केसाळ म्हातारा राहतो. कुणाला दिसत नाही, पण घर राखतो, आणि मजेत असला की मोजे लपवतो. घरच्यांनी घर बदललं, तर एक जुना जोडा चुलीपाशी ठेवून त्याला बोलवावं लागतं, "आजोबा, चला आमच्याबरोबर." मग तो जोड्यात बसून येतो. कुणी बोलावलंच नाही, तर रिकाम्या घरात रडत बसतो.

इथवर वाचून झालं आणि अन्वीने पुस्तकावर हात ठेवून वाचन थांबवलं. तिच्या बाबांची बदली आसामला झाली होती. काळ्या ट्रंका बाहेर निघाल्या होत्या. ती रडवेली होऊन म्हणाली, "काका, हमने तो किसी को नहीं बुलाया. जोधपूर में भी नहीं, झाँसी में भी नहीं. वो सब वहीं रो रहे होंगे?" दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, अगं, गोष्ट आहे ती. काकांचा चेहराच पडला. "बाप रे," ते म्हणाले, "हे तर मोठंच अवघड होऊन बसलं." तेजसने तेवढ्यात शंका काढली, की अन्वीकडे चूल कुठे आहे? बऱ्याच वादानंतर, गॅस सिलिंडरच्या मागे राहत असेल, असं ठरलं. सईने विचारलं, तो रशियन असला तर त्याला बोलवायचं कोणत्या भाषेत? "जो घरात राहते, त्याला घरची भाषा येतेच," काका म्हणाले. तेव्हा अन्वीने सगळ्यांत अवघड मुद्दा काढला. क्वार्टर सोडताना पंखे, ट्यूबलाइट, नळ, सगळं मोजून परत द्यावं लागतं. "तो वो दादाजी भी सरकारी हुए ना? पापा ले जाएँगे तो पापा को डाँट पड़ेगी."

हा पेच लष्करातल्या पोरीलाच सुचावा आणि आमच्या काकांनीच तो डोक्यात घेऊन आठवडाभर फिरावं. दूध आणायला गेले, ते दूध न आणता परत आले आणि दारातूनच मला म्हणाले, "पंखा सरकारनं लावला, म्हणून तो सरकारी. पण म्हाताऱ्याला सरकारनं कुठं आणलं? तो तर राहून राहिला होता." शेवटी मेजरसाहेब निरोपाच्या चहाला आले, तेव्हा काकांनी बिस्किटांची बशी पुढे करून अगदी गंभीरपणे विचारलं, "साहेब, चुलीमागचा म्हातारा हँडओव्हरमध्ये येतो का हो?" मेजरसाहेबांनी आधी काकांकडे पाहिलं, मग लेकीकडे. त्यांनी कप खाली ठेवला. "नाही सर. यादी मी स्वतः तपासली आहे. त्यात म्हातारा नाही. नेता येईल." नंतर कळलं, की त्यांनी आपला झिजलेला एक बूट स्वतःच सिलिंडरपाशी ठेवला, आणि अन्वीने त्यात वाकून मराठीतून बोलावणं केलं.

त्यानंतर शनिवारच्या बैठकीत काका दुसरं पुस्तक काढीनात. अन्वीचं काय झालं, एवढंच विचारायचे. मला कळेना, ह्या माणसाला एका पोरीच्या खेळाची एवढी कसली काळजी! आणि एक दिवस आसामहून फोन आला. अन्वी इतकी ओरडत होती की फोन कानापासून लांब धरावा लागला. "काका! वो आ गए! माझा एक मोजा गायब आहे! पक्का!" काकांनी तीनतीनदा विचारून घेतलं, की मोजा नीट शोधला का, पलंगाखाली पाहिला का. कुठेच नव्हता. फोन ठेवल्यावर ते हसत होते आणि डोळे पुसत होते. "म्हणजे बोलावलं तर येतात," ते स्वतःशीच म्हणाले. पुढच्या रविवारी त्यांनी मुलाला सांगितलं, की येतो.

निघायच्या दिवशी घर रिकामं झालं. पॅकर्सवाले शेवटचं खोकं उचलून खाली गेले. काका मधल्या खोलीत उगाच ह्या भिंतीकडून त्या भिंतीकडे जात होते. सईने त्यांचा हात धरून त्यांना स्वयंपाकघरात नेलं. "काका, बुलाओ ना. नहीं तो वो यहीं रह जाएँगे." काका बाहेर गेले आणि मांडणीतून काकूंची चप्पल घेऊन आले. ओट्याखाली, जिथे सिलिंडर असायचा, तिथे ती ठेवून ते गुडघ्यांवर बसले, आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाले, "मालती, सामान खाली गेलं. चल आता. तिकडे थंडी कमी असते म्हणतात, तुझे गुडघे दुखणार नाहीत."

सई माझ्या कानाशी लागून कुजबुजली, "आई, ये तो काकू को बुला रहे हैं. काकांना गोष्ट समजलीच नाही." मी तिला जवळ घेतलं. मला खूप रडू आलं, आणि ते लपवायला मी नळ सोडला, तर नळाला पाणी नव्हतं. काकांनी चप्पल वर्तमानपत्रात गुंडाळली आणि पॅकर्सवर विश्वास न ठेवता हातातल्या पिशवीत घातली. मग खाली उतरून, सवयीप्रमाणे, बोलावलेली टॅक्सी सोडून समोरच्या सरदारजींच्या गाडीत जाऊन बसले. सरदारजी म्हणाले, "कोई नहीं जी, मैं ही छोड़ आता हूँ," आणि त्यांना खरंच विमानतळावर सोडून आले.

संध्याकाळी जिना झाडताना पाहिलं, तर मांडणीत काकूंची दुसरी चप्पल तशीच होती. म्हटलं, झालं, जाता जाताही घोटाळा! मी लगेच फोन लावला. "काका, एकच नेलीत हो. दुसरी कुरिअरनं पाठवते."

"नको," ते म्हणाले. "विसरलो नाही मी. तिला चंडीगढ फार आवडायचं हो. ह्या घरावर जीव होता तिचा. येईल की तिथंच राहीन म्हणेल, हे मला काही समजलं नाही. म्हणून एक घेतली, एक ठेवली. तिला वाटेल तसं करू द्या."

वर आता मोहालीत नोकरी करणारं एक तरुण जोडपं राहायला आलं आहे. मांडणी त्यांच्या बुटांनी भरून गेली आहे. ती एकटी चप्पल कुणाची, असं त्यांनी विचारलं, तेव्हा असू दे तिथेच, एवढंच म्हटलं. आणि मागच्या आठवड्यात त्या मुलीने जिन्यातून वाकून मला विचारलं, "ताई, चुकून आमचा एक मोजा तुमच्याकडे पडलाय का हो?"