डावी बाजू सिस्टरची, उजवी माझी

वहिनींचा फोन आला तेव्हा मी एका ट्रॅक्टरखाली आडवा पडलो होतो. "सलीम, कुसुम गेली," त्या म्हणाल्या, आणि मी विचारलं, "कुठं?" मला तरी काय कळणार. सिस्टर कायम कुठे ना कुठे गेलेल्याच असायच्या. कधी पेशंट घेऊन मोताळ्याला, कधी घाट चढून बुलढाण्याला. उशीर झाला की वहिनी मला फोन करून विचारायच्या, जीप दिसली का रे रस्त्यानं? या वेळी मात्र पलीकडून रडणं ऐकू आलं. सकाळी गॅसवर चहा ठेवून सिस्टर खुर्चीत टेकल्या होत्या, त्या उठल्याच नाहीत. मी ट्रॅक्टरखालून बाहेर आलो, पण हातातला पाना ठेवायचा कुठे हेच मला सुचेना.

सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या कुसुम सिस्टर. रोहिणखेडच्या आसपास पाच-पंचवीस खेड्यांत त्यांना नुसतं 'सिस्टर' म्हटलं की पुरे. लग्न केलं नाही. भाऊ वारला, तेव्हापासून भावजय आणि त्या अशा दोघीच एका घरात राहायच्या. त्या भावजयीला सगळं गाव वहिनी म्हणतं. भावाच्या मागे एक जुनी जीप राहिली होती, ती सिस्टर चालवायला शिकल्या. रिटायर झाल्या तरी बाईला कळा सुरू झाल्या की लोक आधी सिस्टरनाच फोन करायचे, आणि सिस्टर पदर खोचून जीप काढायच्या. माझं रस्त्यालाच ऑटो इलेक्ट्रिशियनचं दुकान आहे, त्यामुळे ती जीप येता-जाता दिसायची. एवढीच आमची ओळख होती.

मग एकदा भर दुपारी राजूर घाटात जीप बंद पडली. मागच्या सीटवर अडलेली बाई. सिस्टरनी जीपमध्येच बाळंतपण केलं, आई आणि बाळ दोघंही सुखरूप राहिली. पण जीप दोर बांधून माझ्या दुकानात आणली, तेव्हा सिस्टरचा चेहरा असा काही होता की मी चेष्टा करायचं टाळलं. किल्लीकडून स्टार्टरला जाणारी वायर तुटली होती. कुणी तरी पूर्वी टोकाला टर्मिनल, म्हणजे पितळेची क्लिप, लावून त्यावर डाख दिला होता, म्हणजे कथील वितळवून जोड पक्का केला होता. मी म्हटलं, दोन मिनिटांत डाख मारून देतो, जा घेऊन.

"थांब," सिस्टर म्हणाल्या. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी वायर डोळ्यांजवळ धरली. "जोड तर साबूत हाय. बाजूले तुटली थे. काऊन?"

"वायर हाय सिस्टर, तुटते."

"माणूस मेला तर आमी काऊन मेला थे लिहितो. मंग वायरचंच काऊन नाही?"

मला राग आला. आमच्या धंद्यात तुटलं की जोडायचं असतं, तुटलेल्याची चौकशी करत बसलं तर संध्याकाळपर्यंत एक गाडी निघायची नाही. पण खरं सांगतो, डाख कधी जोडावर तुटत नाही, नेहमी बोटभर अलीकडे तुटतो, हे मी शेकडो वेळा पाहिलं होतं आणि एकदाही मनात आलं नव्हतं की असं का. सिस्टरनी तिथल्या तिथे ठरवलं की जीपचं सगळं वायरिंग नवीन करायचं आणि समोर बसून करून घ्यायचं. दुसऱ्या दिवशी त्या आल्या त्या घरून लाकडी स्टूल घेऊनच. माझ्या दुकानातल्या खुर्चीवर ग्रीस असतं म्हणून.

त्यानंतरच्या दुपारी मी विसरणार नाही, आणि माझी गिऱ्हाइकंही विसरणार नाहीत. लाल वायर काऊन, काळी काऊन, जाड काऊन, बारीक काऊन. एक ट्रकवाला कंटाळून म्हणाला, "बाई, याले काम करू द्या ना." सिस्टर म्हणाल्या, "करून राह्यला ना थो. तोंड तर रिकामंच हाय त्याचं." माझ्याकडे उत्तर नसलं की मी डाख देताना निघणारा राळेचा धूर मुद्दाम त्यांच्याकडे जाऊ द्यायचो. त्या खोकायच्या आणि पुढचा प्रश्न विचारायच्या.

डाखाचं कोडं त्यांनी घरी बसून सोडवलं. माझ्याकडून डाख दिलेले वायरचे तुकडे नेले, आणि वहिनींशी गप्पा मारत मारत ते वाकवत बसल्या. वाकवलेले सगळे तुकडे एकाच जागी तुटले. मग येऊन मलाच समजावलं. वायरच्या आत केसासारख्या बारीक तारा असतात. वितळलेलं कथील त्यांच्यात भिनतं आणि सगळ्यांची मिळून एक कडक काडी होते. ती काडी संपते आणि मऊ वायर सुरू होते, तिथेच गाडीच्या हादऱ्यानं वायर वाकत राहते. "प्लास्टरची कड जिथं संपते ना, तिथंच पायाले काचते. तसं हाय हे," त्या म्हणाल्या. मी मान डोलावली आणि डाख मारत राहिलो. डाखाशिवाय जोड म्हणजे मला बिनमिठाचं जेवण वाटायचं.

नंतर त्यांची नजर टर्मिनलवर गेली. त्याला वायरीवर दुमडायचे पत्र्याचे छोटे पंख असतात. तळहातावर दहा-वीस पसरून त्या बघत होत्या. "सलीम, ह्याले पंखाच्या दोन जोड्या काऊन देल्या? तांबं धराले एक पुरे होती." मी म्हटलं, कंपनीनं दिल्या. खरं तर मी साध्या पक्कडीनं सगळे पंख एकदम चेपायचो आणि वरून डाख द्यायचो. सिस्टर विचार करता करता एकदम हसल्या. पुढचे पंख उघडं तांबं धरायला, मागचे पंख वायरची कातडी धरायला. म्हणजे हादरा बसला तर तो कातडीवर बसेल, तांब्याला कळणारच नाही. मागवलं मग त्यांनी दाबायचं खास हत्यार, ज्याच्या जबड्यात दोन खाचा असतात. सुरुवातीला वायर सोलताना निम्म्या तारा कापल्या जायच्या, दाबलेली क्लिप ओढली की हातात यायची. पण त्या ओढायच्याच. दाबला जोड की ओढून पाह्यचा, हा त्यांचा नेम होता. पुढे पुढे तर त्या दुकानात काहीही ओढून पाहायच्या, फाटकाची कडी, पंख्याची दोरी, माझ्या शर्टाचं बटण. एकदा बटण निघालं, तेही त्यांनीच लावून दिलं.

आमचं भांडण मात्र मिटेना. मी म्हणायचो डाखच टिकणार, त्या म्हणायच्या दाबलेलाच टिकणार. शेवटी जीप वाटून घेतली. डाव्या बाजूचे सगळे जोड सिस्टरनी हत्यारानं दाबायचे, डाख नाही. उजव्या बाजूचे सगळे मी डाखानं करायचे. किल्लीची आणि स्टार्टरची वायर उजवीकडून जाते, तीही माझ्याकडे आली. ज्याचं आधी तुटेल त्यानं सगळी जीप दुसऱ्याच्या पद्धतीनं नव्यानं करायची. तेव्हापासून जीप दुकानासमोरून गेली की दोनदा हॉर्न वाजायचा आणि सिस्टर मान बाहेर काढून विचारायच्या, "तुटलं का बे तुझं?" मी म्हणायचो, "तुमचं पाह्या सिस्टर." पुढे दोन पावसाळे गेले, घाटाचे खड्डे बुजले, पुन्हा पडले, कितीतरी बाया त्या जीपमधून दवाखान्यात जाऊन बाळ घेऊन परतल्या. कुणाचंच तुटलं नाही. मला तर मनातून वाटायचं की डाख जिंकत चाललाय.

सिस्टर गेल्यावर जीप अंगणात उभी राहिली. गेल्या आठवड्यात वहिनींनी मला सांगितलं की भंगारवाल्याला बोलावलंय. "चालवन कोन आता? पाह्यली की काळीज तुटते माह्यं." त्यांचं बरोबर होतं. पण मला झोप लागेना, आणि हे कुणाला सांगायची लाज वाटत होती, की मला दुःखाइतकीच उत्सुकता छळत होती. भंगारात गेल्यावर कधीच कळणार नव्हतं की आमच्यात बरोबर कोण होतं. मी वहिनींना म्हटलं, जायच्या आधी एकदा वायरिंग उघडून पाहू द्या.

बॅटरी चार्ज करून नेली. किल्ली फिरवली तर जीप पहिल्याच दमात सुरू झाली. दोन्ही हेडलाइट लागले, हॉर्न वाजला. हॉर्न वाजल्यावर वहिनी आतून धावत दारापर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या… मी खाली मान घालून बॉनेट उघडलं. डावी बाजू आधी पाहिली. एकेक जोड नीट, मागचे पंख कातडीला घट्ट धरून. मग उजवीकडची टेप सोडवली. ही टेप मी गुंडाळलेली नव्हती, माझा हात मला ओळखू येतो. आत माझा डाख जसाच्या तसा होता. आणि त्याच्या बोटभर अलीकडे, जिथे वायर तुटते बरोबर तिथे, काळा रेशमी धागा गुंडाळून वायर शेजारच्या पट्टीला बांधली होती. टाके घालायचा धागा. गाठ दवाखान्यातली, सपाट, दोन्ही टोकं सारखी कापलेली. मी पुढचा जोड उघडला, तिथेही धागा. माझ्या एकूण एक जोडाला सिस्टरनी दुसरे पंख लावून दिले होते.

"वैनी, हे कधी केलं?" मी विचारलं.

"शर्यत लागली त्याच आठवड्यात," वहिनी म्हणाल्या. "दुपारी बसून राहे इथं धागा घेऊन. म्हणे, सलीमच्या जोडाले टाके देतो."

"मंग शर्यत कशाले लावली?"

"म्या बी तेच विचारलं. म्हणे, त्याचं तुटलं तर मी जिंकन खरं, पन थ्या वक्ती गाडीत एखादी बाई असन."

सिस्टरची फार आठवण आली आणि रागही आला, कारण भांडायला आता समोर कोणी नव्हतं. दोन वर्षं मी हॉर्न ऐकून छाती फुगवत होतो, आणि ही बाई मान बाहेर काढून, सगळं ठाऊक असताना, मलाच विचारत होती तुटलं का म्हणून. वहिनींनी जवळ येऊन विचारलं, "मंग जिंकलं कोन?" मी स्टार्टरच्या वायरीवरचा धागा चिमटीत धरून ओढून पाहिला. तसूभरही हलला नाही. वहिनींनीही वाकून ओढला, आणि म्हणाल्या, "भंगारवाल्याले नाही म्हनून सांगतो."

फोन आता वहिनींना येतात, वहिनी मला करतात, आणि मी दुकान तसंच टाकून जीप काढतो. मागच्या सीटवर बाईजवळ वहिनी बसतात. डाख मी अजून सोडलेला नाही, पण डाख दिला की अलीकडे काळ्या धाग्याची गाठ मारतो. सिस्टरसारखी सपाट येत नाही. टेप लावायच्या आधी एखादं गिऱ्हाईक वाकून बघतं आणि विचारतं, "सलीमभाऊ, हा धागा काऊन?" या शब्दानं पूर्वी माझं डोकं फिरायचं. आता मी हातातलं काम खाली ठेवतो आणि लाकडी स्टूल त्याच्याकडे सरकवतो.