नो ऑइल पेंटिंग

मुलीच्या इंग्रजी वाक्प्रचारांच्या पुस्तकाला बायको खाकी कव्हर घालत होती. एका पानावर तिचा हात थांबला आणि मला लग्नानंतरची ती पार्टी आठवली. "माय वाइफ इज नो ऑइल पेंटिंग," मी तिच्यादेखत साहेबांना म्हणालो होतो. म्हणजे, दिसायला यथातथाच. मराठीत हे माझ्या जिभेवर आलं नसतं. परक्या भाषेत क्रूरपणाही सुशिक्षित वाटतो. सगळे हसले, तीही हसली. घरी येताना तिनं अर्थ विचारला, तेव्हा "चित्रासारखी दिसतेस म्हटलं," असं सांगून मी मोकळा झालो. ती माहेरी ते कौतुकानं सांगायची.

आज खरं सांगायला मी तोंड उघडलं.

"राहू द्या," कव्हरची घडी दाबत ती म्हणाली. "'नो' तेवढं मला तेव्हाही कळत होतं. माहेरी सांगायला तुमचा अर्थ बरा होता."